ओढायची गाडी

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि कार्पेट भाड्याच्या घरातलं होतं. ठेवलात? मग ऐका. शहाणा म्हणवणारा माणूस किती पायऱ्यांनी वेडा होतो, ते सांगतो. माणूस अर्थातच मी.

दोन हजार चार सालची गोष्ट. आम्ही तेव्हा ॲरिझोनात, चँडलरला राहायचो. मी चिपच्या कंपनीत इंजिनिअर. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या रेघा मारणाऱ्या मशीनवर माझं काम. पण गाडीची स्टेपनी बदलायची म्हटलं की मला दरदरून घाम फुटायचा. हे गुपित जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे माझे सासरे!

आमचे सासरे, अण्णा, नागपूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला सहज विचारलं होतं, "जावईबापू, स्कूटरचा प्लग साफ करता का जी?" मी म्हणालो, "कुठला प्लग?" त्यांनी मान हलवली आणि फराळाचं ताट माझ्याकडे सरकवलं. त्या दिवसापासून त्यांनी मला अवजड प्रश्न विचारले नाहीत.

तर ते अण्णा आणि सासूबाई, म्हणजे आई, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई रमल्या. अण्णा मात्र आठ दिवसांत कोमेजले. चँडलरमध्ये दुपारी रस्त्यावर माणूस दिसतो का हो? अण्णा खिडकीत बसून समोरच्या घरांची गॅरेजची दारं बघत बसायचे. एखादं दार वर गेलं की खुर्चीत पुढे सरकायचे. दार खाली आलं की मागे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच विचारलं, "बेटा, तिकीट अलीकडचं करता येते का?"

मंजिरी रात्रभर रडली. सकाळी मला म्हणाली, "तू काहीतरी कर." एरवी ती मला अरे-तुरे करते. आई-वडील समोर आले की "अहो" होतो.

आता, आमच्या घराच्या बाजूला एक कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली, पडून होती. केदार नावाचा माझा मित्र टेक्सासला गेला तेव्हा आमच्या गळ्यात मारून गेलेला. पांढरी, गोलसर, अंड्यासारखी. आत एक झोपायचा बाक, छोटी शेगडी, खिडक्यांना पडदे. इथले लोक तिला ट्रेलर म्हणतात, पण मी कॅराव्हॅनच म्हणायचो. जरा खानदानी वाटतं!

मी जाहीर केलं, "अण्णा, आपण कॅराव्हॅन घेऊन फिरायचं! तळी, डोंगर, वाळवंट!"

अण्णांनी विचारलं, "पण ओढणार काय?"

बरोबर. आमची जपानी गाडी इतकी लहान होती की कॅराव्हॅननेच तिला ओढलं असतं. म्हणजे ओढायला वेगळी गाडी हवी. स्वस्त, जुनी, आणि टॅक्स कमी असलेली. ॲरिझोनात गाडीच्या किमतीवर टॅक्स असतो आणि गाडी जुनी होईल तसा तो उतरत जातो. मी पुण्याचा माणूस. हे वाचून माझे डोळे कसे चमकले असतील, ते तुम्हीच समजून घ्या!

मी एक्सेल उघडलं. गाडीचं वय, वजन ओढायची ताकद, टॅक्स, असे बावीस कॉलम केले. आणि सरळ टॅक्सच्या कॉलमवर सॉर्ट केलं. इंजिन चालू आहे का, असा कॉलम नव्हता. कोण करतं हो असा कॉलम?

रविवारच्या पेपरात छोट्या जाहिराती यायच्या. त्यात मला ती दिसली. जुनी स्टेशन वॅगन, लांबलचक, दारांवर लाकडासारखे पट्टे. मोठं आठ सिलिंडरचं इंजिन. आणि शेवटी दोन शब्द, ठळक अक्षरांत: 'मस्ट टो'.

टो म्हणजे ओढणं. मस्ट म्हणजे हवंच. म्हणजे ही गाडी ओढणारच! ओढल्याशिवाय राहणारच नाही! मी मंजिरीला ओरडून सांगितलं, "अगं, हिचा जन्मच ओढण्यासाठी झालाय!"

लगेच फोन लावला. पलीकडे हँक नावाचा म्हातारा, अगदी सावकाश बोलणारा. एक शब्द बोलला की दुसऱ्यासाठी थांबायचं. तो सगळा संवाद मला अजून पाठ आहे. मराठीत सांगतो.

मी म्हणालो, "तुमची वॅगन... टो?"

"टो करावंच लागेल," हँक म्हणाला. "दुसरा इलाजच नाही."

वा! काय आत्मविश्वास!

"इंजिन कसं आहे?"

"नवं बांधलंय, माझ्या हातांनी. अजून एक मैलसुद्धा चाललेलं नाही."

"आवाज वगैरे?"

"आवाज? बायको म्हणते, गाडी घरात आहे हेच विसरायला होतं."

"पेट्रोल किती खाते?"

यावर म्हातारा मोठ्यानं हसला. "पेट्रोल? थेंबभरही नाही!"

मीही हसलो. विनोदी माणूस दिसतोय! शेवटी श्वास रोखून मुख्य प्रश्न विचारला, "आणि टॅक्स?"

"चार वर्षांत एक सेंट भरलेला नाही."

अहो, माझ्या हातातून फोन पडायचा राहिला! आता मला सांगा, यातलं एक तरी वाक्य खोटं होतं का? मला नंतर किती वेळा वाटलं की त्या माणसावर रागवावं. पण कशावरून रागावणार? त्यानं अक्षर अन् अक्षर खरं सांगितलं होतं.

शनिवारी मी अण्णांना म्हटलं, "चला, गंमत दाखवतो." मंजिरीनं आम्हाला आमच्या छोट्या गाडीतून गिल्बर्टच्या बाहेर, हँकच्या घरी सोडलं आणि ती किराणा आणायला गेली. परत न्यायला ये असं मी सांगितलंच नाही. आम्ही वॅगन चालवत येणार होतो ना!

वॅगन शेडजवळ उभी होती. धुतलेली, पुसलेली, ऐटबाज. हँक डोक्यावर मोठी हॅट घालून बाजूला. मी जाणकारासारखा गाडीभोवती फिरलो. चारही टायरना एकेक लाथ मारली. का मारतात ते मला आजही माहीत नाही. दारं उघडली, लावली. "हंऽऽ" असं म्हणालो. असं "हंऽऽ" म्हटलं की समोरचा माणूस आपल्याला टरकून असतो, अशी माझी समजूत.

अण्णा बॉनेटजवळ जाऊन उभे राहिले. "जावईबापू, हे उघडून पाहू की."

मी घाईघाईनं त्यांना बाजूला घेतलं. "अण्णा, इथे तसं करत नाहीत. समोरच्याला वाटतं, आपला त्याच्यावर विश्वास नाही. त्यानं स्वतः बांधलंय इंजिन. वाईट वाटेल त्याला."

"असं असते का इथं?" अण्णा म्हणाले.

"असं असतं," मी म्हणालो. अमेरिकेत सात वर्षं काढलेला माणूस होतो मी!

पैसे दिले. सही केली. हँकनं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "तुमचा ट्रक मागून येतोय का?"

"ट्रक कशाला?" मी म्हणालो आणि रुबाबात स्टिअरिंगमागे बसलो. अण्णांना शेजारचं दार उघडून दिलं. आरसा नीट केला. किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. काही नाही. मी हँककडे बघून हसलो. "अगदीच सायलेंट आहे हो! सुरू झाली का?"

हँक खिडकीशी वाकला. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग घराकडे वळून त्यानं हाक मारली, "मार्था! बाहेर ये. हे तुला बघायलाच हवं."

मार्थाबाई आल्या. हँकनं बॉनेट उघडलं. अण्णा उतरले, मी उतरलो. आत बघितलं.

आत जमीन दिसत होती.

खरं सांगतो! जिथे आठ सिलिंडरचं इंजिन असायला हवं, तिथे गवत होतं. आणि गवतावर एक करडी मांजर दोन पिल्लांना घेऊन झोपली होती. ती आमच्याकडे बघून मोठ्यानं जांभई देत पुन्हा झोपली.

"इंजिन?" मी विचारलं.

"शेडमध्ये आहे," हँक म्हणाला. "सांगितलं ना, एक मैलसुद्धा चाललेलं नाही. बसवायच्या आधी माझी पाठ गेली. म्हणून तर जाहिरातीत लिहिलं, टो करून न्यावी लागेल."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला हवी होती ओढायची गाडी. ही पण ओढायचीच गाडी होती. फक्त ओढायचं आम्ही होतं!

हँक भला माणूस. त्यानं खिशातून पैसे काढून माझ्यासमोर धरले. "चूक कुणाचीही होते. घे परत." मी हात पुढे केला. तेवढ्यात बघतो तर अण्णा जागेवर नाहीत.

अण्णा शेडमध्ये होते. इंजिनावरची ताडपत्री त्यांनी स्वतःच बाजूला केली होती आणि ते त्याच्याभोवती हळूहळू फिरत होते. कुठे बोट फिरवत होते, कुठे वाकून वास घेत होते. खिडकीत बसून गॅरेजची दारं बघणारा तो माणूस हा नव्हता. त्यांची पाठसुद्धा सरळ झाली होती.

"जावईबापू," ते वळून म्हणाले, "कारागीर आहे बाप्पा हा माणूस! पैसे परत घेऊ नका. ही गाडी आपली."

मी हात मागे घेतला. मग टो ट्रक आला. वॅगन वर चढवली, इंजिन शेजारी बांधलं. पुढे ड्रायव्हरजवळ जागा एकच होती. तिथे अण्णा बसले. मी मार्थाबाईंच्या पिकअपमधून घरी आलो, मांडीवर मांजर आणि दोन पिल्लं घेऊन. हो, मांजर वॅगन सोडायलाच तयार नव्हती!

घरी मंजिरीनं दार उघडलं. ट्रकवरची गाडी बघितली, माझ्या कुशीतली मांजर बघितली, आणि आई-वडील समोर असतानाही विसरून म्हणाली, "अरे, हे काय?"

पण एक झालं. तिकिटाचा विषय त्या दिवशी संपला.

पुढचे दोन-अडीच महिने आमचं गॅरेज म्हणजे वर्कशॉप. रोज सकाळी आठला अण्णा डबा घेऊन गॅरेजमध्ये जायचे, बाराला जेवायचे, पाचला हात धुवायचे. दर शनिवारी हँक यायचा. त्याला मराठी येत नव्हतं, अण्णांचं इंग्रजी 'टाइट' आणि 'लूज' या दोन शब्दांचं. पण दोघं तासन्‌तास गप्पा मारायचे! अण्णा म्हणायचे, "आमच्या डेपोत एक गाडी होती ना जी..." आणि हँक इंग्रजीत म्हणायचा, "खरंय, खरंय." मला शपथेवर सांगा, त्यांना काय कळत होतं?

मला काम मिळालं बॅटरी धरायचं. पहिल्याच दिवशी मी उजेड अण्णांच्या डोळ्यांत पाडला. दुसऱ्या दिवशी पाना मागितला तर पकड दिली. तिसऱ्या दिवशी अण्णा अतिशय प्रेमानं म्हणाले, "जावईबापू, तुम्ही चहाचं पहा." आणि तेव्हापासून त्या वर्कशॉपमध्ये मी चहाचं पाहू लागलो.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी गाडी सुरू झाली. काय आवाज! समोरची सगळी गॅरेजची दारं एकदम वर गेली आणि माणसं बाहेर आली. सगळ्यांनी अण्णांशी हात मिळवले. हँकनं डोक्यावरची हॅट काढून अण्णांच्या डोक्यावर ठेवली. मंजिरी पुन्हा रडली, पण वेगळं.

मग ठरलं, येत्या शनिवारी कॅराव्हॅन घेऊन रूझवेल्ट लेकला जायचं. वॅगनमध्ये मी आणि अण्णा. मागून मंजिरी आईंना घेऊन आमच्या छोट्या गाडीत. आईंना गाडी लागते, आणि माझ्या ड्रायव्हिंगनं जास्तच लागते. त्यांच्या मते मी ब्रेक मारत नाही, सूड घेतो.

शनिवारी सकाळी वॅगन छतापर्यंत भरली. गाद्या, उशा, पोळ्यांचे डबे, फोल्डिंगच्या खुर्च्या. मागच्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वॅगन इतकी रुंद की आमचं ते अंडं बाजूच्या आरशातही फारसं आलं नसतं. मी वॅगन मागे घेत घेत कॅराव्हॅनच्या वीतभर पुढे आणून उभी केली. अण्णा मागे जाऊन बराच वेळ खाली वाकले. मग हात धुवायला घरात गेले. मी पट्टा लावून स्टिअरिंगवर बसलो. अण्णा आले, हँकची हॅट घालूनच आले, शेजारी बसले आणि त्यांनी विचारलं, "लावलं?"

"लावलं," मी म्हणालो.

"क्लिक आवाज आला?"

"आला, अण्णा."

"ओढून पाहिलं?"

मी छातीवरचा पट्टा जोरात ओढून दाखवणार होतो, पण ते मांडीवरचा डबा सावरत होते. "ओढून पाहिलं. एकदम घट्ट!"

"मग चला!"

निघालो. अहाहा! काय गाडी पळत होती! चढ आला तरी दम लागत नव्हता. अण्णा डोळे मिटून नुसता इंजिनाचा आवाज ऐकत होते. मी म्हणालो, "अण्णा, मागे वजन आहे असं वाटतच नाही!"

"बाप्पा, इंजिन बांधलंय कोणी?" अण्णा मिशीतल्या मिशीत हसले.

मी मात्र जबाबदारीनं चालवत होतो हं! कॅराव्हॅनवाल्यांच्या पुस्तकात वाचलं होतं, वळण मोठं घ्यावं. मी दोन-दोन लेन अडवून वळणं घेतली. लेन बदलताना अर्धा मैल आधी सिग्नल दिला. लोक हॉर्न वाजवत होते. मी त्यांना मोठ्या मनानं माफ केलं.

अपाची जंक्शनला पेट्रोल भरायला थांबलो. मोठ्या ट्रकसाठी असते त्या लांब जागेत गाडी लावली. मागून एक पिकअप आला आणि अगदी जवळ यायला लागला. मी उतरलो, हात वर केला आणि ओरडलो, "सावकाश! मागे घ्या, मागे! माझी कॅराव्हॅन आहे!"

पिकअपवाल्यानं ब्रेक मारला. खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माझ्या वॅगनच्या मागे बघितलं. पुढे बघितलं. मग अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, मी शब्द देतो. तुमच्या कॅराव्हॅनला मी अजिबात धक्का लावणार नाही."

मी वळून बघितलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. मंजिरी.

"अहो, पेट्रोल भरायला गेलात ना? किती वेळ? मी अर्ध्या तासापासून घराला कुलूप लावून दारात बसलेय. आईनं उलटीची गोळी घेतली आणि पाच मिनिटं पडते म्हणून कॅराव्हॅनमध्ये आडवी झाली, ती गाढ झोपलीय. या लवकर आणि लावा ती एकदाची!"

अण्णांनी हॅट काढली, मागे जाऊन रिकाम्या हुककडे बघितलं आणि विचारलं, "मी तर हुकला ग्रीस देऊन हात धुवायला गेलो जी. मग जावईबापू, लावलं काय होतं?"

मी पट्टा दाखवला.

ते तिथेच पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर बसले आणि पोट धरून इतके हसले, इतके हसले की पिकअपवाला पाणी घेऊन आला.

आम्ही सगळा रस्ता उलटा आलो. घरासमोर गाडी थांबवली. तो आवाज ऐकून कॅराव्हॅनचा पडदा जरा हलला. दार उघडलं आणि आई डोळे चोळत पायरीवर आल्या. उन्हानं त्यांचे डोळे दिपले होते. समोर मी दिसलो आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी पुढचं काही सांगायच्या आतच त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली.

"पोचलो का हो? कमाल केलीत जावईबापू! पोटातलं पाणी हललं नाही! एक गचका नाही की एक ब्रेक नाही. उगाच मी इतके दिवस तुम्हाला नावं ठेवत होते. आजच्यासारखीच चालवत जा की नेहमी!"

माझ्या ड्रायव्हिंगचं आजवर कुणी केलेलं हे एकमेव कौतुक. तेही कॅराव्हॅन घरीच असताना.